पडद्यावर आपण कुठे?

गेल्या महिन्यात आपल्या वाङ्मय मंडळानं 'ला एन' हा फ्रेंच सिनेमा दाखवला. सेमिनार हॉलचा प्रोजेक्टर, पडदे ओढूनही फटीतून येणारं ऊन, खाली इंग्रजी सबटायटल्स. पहिल्या पंधरा मिनिटांत निम्मी मुलं मोबाइलमध्ये होती. शेवट झाला तेव्हा मात्र कुणी हललं नाही. दिवे लागल्यावर पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "अक्का, पिक्चर भारी हाय. पण हे सगळं तिकडचं. आपुन कुठं हाव ह्याच्यात?"

मी काहीतरी गोल गोल बोलले. गरीब-श्रीमंत सगळीकडेच असतात, वगैरे. ती मान हलवून गेली. तिला पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर.

आधी सिनेमाबद्दल

'ला एन' म्हणजे द्वेष. दिग्दर्शक माथ्यू कासोव्हिट्झ, साल 1995. त्या वर्षी कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. पॅरिसच्या बाहेर सरकारनं बांधलेल्या मोठमोठ्या वसाहती आहेत. कामगार आणि बाहेरून आलेली कुटुंबं तिथे राहतात. अशाच एका वसाहतीतल्या तीन बेकार पोरांचा एक दिवस आणि एक रात्र, एवढीच गोष्ट. त्यांचा एक मित्र पोलिस कोठडीतल्या मारहाणीनंतर बेशुद्ध पडलाय, रात्री दंगल झालीय आणि दंगलीत एका पोलिसाचं पिस्तूल हरवलंय. ते पिस्तूल तिघांपैकी एकाच्या हाती लागलंय.

तिघं कोण आहेत ते बघा. विन्झ ज्यू आहे, ह्युबेर आफ्रिकी वंशाचा आणि सईद अरब घरातला. तिघांचे धर्म वेगळे, रंग वेगळे, पण पत्ता एकच. तिघांनाही काम नाही आणि तिघांकडेही पोलिस एकाच नजरेनं बघतात. वर्ग आणि वंश या दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या असतात, हे कासोव्हिट्झ भाषण न देता दाखवतो.

पण तो तिघांना सरसकट एकही करत नाही. पॅरिस शहरात पोलिस पकडतात ते सईदला आणि ह्युबेरला. गोरा विन्झ निसटतो. कोठडीत त्या दोघांचा छळ होतो आणि एक नवखा पोलिस बाजूला बसून बघत राहतो. गरिबी तिघांची सारखी आहे, तरी कातडीच्या रंगानं शिक्षा बदलते.

दुसरा प्रसंग छोटा आहे, पण आपल्याला लगेच कळेल असा. पॅरिसमध्ये सईद एका पोलिसाला पत्ता विचारतो. तो त्याच्याशी 'अहो-जाहो' करून बोलतो. फ्रेंचमध्येही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' आहे. सईदला एवढं आश्चर्य वाटतं की तो मित्रांना ते मुद्दाम सांगतो. त्याच्या वसाहतीत पोलिसांच्या तोंडून त्यानं 'तुम्ही' कधी ऐकलेलंच नसतं. कुणाला अरे-तुरे आणि कुणाला अहो-जाहो, हे ज्या गावात घर बघून ठरतं, त्या गावच्या माणसाला या प्रसंगासाठी सबटायटल्स लागत नाहीत.

तीन प्रश्न

हल्ली सिनेमाबद्दल बोलताना 'प्रतिनिधित्व' हा शब्द फार ऐकू येतो. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच घेतला जातो की पडद्यावर किती प्रकारचे चेहरे दिसले. एक असा, एक तसा, झालं प्रतिनिधित्व. मला वाटतं, चेहरे मोजणं ही फक्त सुरुवात आहे. कुठलाही सिनेमा बघताना तीन प्रश्न विचारावेत: कोण दिसतं? कुणाच्या नजरेनं दिसतं? आणि जे दिसतं त्याला त्याचं नाव दिलंय का?

'ला एन'ला हे प्रश्न विचारले तर सगळीच उत्तरं कौतुकाची येत नाहीत. पहिला प्रश्न: यात बायका कुठे आहेत? बहिणी, आया, आज्या मधूनमधून दिसतात आणि निघून जातात. त्या वसाहतीतल्या पोरीचा दिवस कसा जातो, हे सिनेमाला माहीत नाही. दुसरा प्रश्न: कासोव्हिट्झ स्वतः त्या वसाहतीतला नव्हता. त्याचे वडील दिग्दर्शक, घर सिनेमाचं. बाहेरून आलेल्या माणसानं हे सांगावं का, यावर वाद झाले आणि अजूनही होतात. एक मात्र खरं, की त्यानं तिथेच मुक्काम करून, शांतलू-ले-व्हीन्य या गावातल्या वसाहतीत चित्रण केलं आणि तिथली बोली जशीच्या तशी ठेवली. ती बोली म्हणजे व्हर्लां. शब्द उलटे करून बोलायचं. 'लांव्हेर' म्हणजे उलटं, आणि तोच शब्द उलटा करून झालं 'व्हर्लां'. आपण लहानपणी 'च'च्या भाषेत बोलायचो, मोठ्यांना कळू नये म्हणून, तसंच काहीसं. फरक एवढाच, की या पोरांची ही रोजचीच भाषा झाली होती.

तिसरा प्रश्न नावाचा. फ्रान्सची जनगणना माणसाचा वंश किंवा धर्म विचारत नाही. कायद्यासमोर सगळे फक्त नागरिक, ही त्यामागची भूमिका. ऐकायला सुंदर आहे. पण सईद आणि ह्युबेरला पोलिस थांबवतात तेव्हा त्यांचा चेहरा बघूनच थांबवतात. कागदावर नसलेली गोष्ट रस्त्यावर असते. सिनेमानं केलं ते एवढंच, की कागद ज्याचं नाव घेत नाही ते पडद्यावर नावासकट दाखवलं. त्या काळचे पंतप्रधान अ‍ॅलँ ज्युपे यांनी हा सिनेमा मंत्रिमंडळासाठी खास दाखवायला लावला होता.

आपल्याकडचा दगड

आता आपल्याकडे येऊ. 'ला एन'च्या जवळ जाणारा मराठी सिनेमा कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी 'फँड्री' म्हणेन. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा चित्रपट 14 फेब्रुवारी 2014 ला प्रदर्शित झाला. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. म्हणजे इथे गोष्ट सांगणारा आतला आहे.

'फँड्री' हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. जब्या हा शाळेत जाणारा कैकाडी मुलगा. वर्गातली शालू त्याला आवडते. काळी चिमणी मारून तिची राख शालूवर टाकली की ती आपल्याला वश होईल, असं त्यानं ऐकलंय, म्हणून तो गलोल घेऊन रानोमाळ फिरतो. त्याच्या बापाकडे, कचरूकडे, गावातली डुकरं पकडायचं काम आहे. आणि एक दिवस जब्यालाही त्या कामाला लागावं लागतं, सगळ्या शाळेदेखत.

त्या शेवटच्या भागातल्या दोन गोष्टी मी कधी विसरणार नाही. डुक्कर हाताशी आलेलं असतं तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. ते घर आहे तिथे ताठ उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. मग मेलेलं डुक्कर काठीला टांगून ते शाळेच्या भिंतीसमोरून नेतात, आणि त्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले असतात. तिथे संवाद नाही. पण राष्ट्र या घराकडून काय घेतं आणि याला काय देतं, ते या दोन दृश्यांत आलंय.

मघाचे तीन प्रश्न इथेही लावू. कोण दिसतं? जब्याची भूमिका सोमनाथ अवघडे या मुलानं केली. आधी त्याचा अभिनयाशी संबंध नव्हता, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण शालू? शालू आपल्याला फक्त जब्याच्या डोळ्यांनी दिसते. तिच्या मनात काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. 'ला एन'मध्ये जी फट आहे, ती इथेही आहे. ती मंजुळ्यांच्या पुढच्या चित्रपटात, 'सैराट'मध्ये (2016) भरून निघते. तिथली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, प्रेमात पहिलं पाऊल टाकते.

कुणाच्या नजरेनं दिसतं? शेवटी जब्या दगड भिरकावतो. तो दगड टिंगल करणाऱ्या पोराकडे फेकलेला असतो, पण येतो सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर. 'ला एन'च्या शेवटी गोळीचा आवाज येतो, सईद डोळे मिटतो आणि पडदा काळा होतो. गोळी कुणाला लागली ते आपणच ठरवायचं. तिकीट काढून बघणाऱ्याला दोन्ही चित्रपट 'तू पण यात आहेस' असं सांगतात.

आणि नाव? तिथेच सगळ्यात मोठा धडा आहे. 'सैराट'वरून 2018 मध्ये हिंदीत 'धडक' आला. करमाळ्याचं उदयपूर झालं, गाणी मोठी झाली, घरं चकचकीत झाली आणि जात जवळजवळ पुसली गेली. उरलं ते श्रीमंत मुलगी आणि साधा मुलगा. चेहरे होते, प्रेम होतं, खूनही होता. पण खून कशासाठी झाला त्याचं नावच कुणी घेत नव्हतं. नाव काढून घेतलं की कारण जातं, आणि कारण गेलं की उरते नुसती एक दुःखद घटना. घटनेसाठी आपण रडतो आणि घरी जातो. कारण समजलं असतं तर घरी गेल्यावर आपल्याच माणसांशी बोलावं लागलं असतं.

भाषेचंही तेच. टीव्हीवरचं मराठी ऐकून आपल्यापैकी कितीजणांनी आपली बोली दाबली असेल! आपण 'मी करतोय' म्हणत नाही, 'मी करूलालो' म्हणतो. मुलाखतीला गेलो की ते तोंडातच गिळतो. 'सैराट'मधली माणसं करमाळ्याकडचं बोलतात आणि कुणाची माफी मागत नाहीत. त्या सिनेमानं तोवरच्या मराठी चित्रपटांत सगळ्यात जास्त कमाई केली. म्हणजे ते बोलणं कुणालाच अडलं नाही.

सिनेमातला ख्रिस्ती माणूस

आता त्या मुलीच्या 'आपुन'वर येते. त्यात मीही आहे, म्हणून माझंच सांगते.

हिंदी सिनेमातला ख्रिस्ती माणूस आठवा. 'अमर अकबर अँथनी'तला (1977) अँथनी दारूचा गुत्ता चालवतो. 'जुली'मधला (1975) बाप रेल्वेचं इंजिन चालवतो आणि पितो. गळ्यात क्रूस, हातात ग्लास, बायकांच्या अंगात फ्रॉक, बोलण्यात 'मॅन' आणि गाव गोवा नाहीतर वांद्रे. गोव्याचे, वांद्र्याचे लोक खरे आहेतच, पण त्यांचंही एवढंच एक चित्र रंगवलंय. आणि बिदर जिल्ह्यातला ख्रिस्ती तर त्या चित्रात कुठेच नाही. आमच्या घरी मिस्सा कन्नडमध्ये ऐकतात, रोझरी मराठीत म्हणतात आणि बाजारात दखनीत भाव करतात. माझी आजी उमरग्याकडची. तिच्या कपाळावर गोंदण आहे आणि गळ्यात मारियेचं पदक. असं माणूस मी पडद्यावर कधीच पाहिलं नाही.

अकरावीला मी दुसऱ्या गावी हॉस्टेलवर होते. पहिल्याच आठवड्यात एकीनं विचारलं, "तू ख्रिश्चन ना? मग मराठी इतकं चांगलं कसं?" दुसरीनं विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" आणि मी म्हणाले, "आम्ही मूळचे गोव्याचे."

आम्ही गोव्याचे नाही. माझ्या घरातलं कुणी गोवा पाहिलेलंही नाही. माझे आजोबा जोडे शिवायचे. आरी, रापी आणि एक घासून गुळगुळीत झालेला दगड, अशी त्यांची हत्यारं अजून माळ्यावर पत्र्याच्या डब्यात आहेत. आमची जात मादिग. आमच्यासारखी बरीच ख्रिस्ती घरं या जिल्ह्यात दलित जातींतूनच आलेली आहेत, पण हे वाक्य छापायला मी आज पहिल्यांदा देतेय.

ते खोटं मला इतक्या पटकन कसं सुचलं, याचा मी नंतर खूप विचार केला. सुचलं कारण ते तयारच होतं. सिनेमानं ख्रिस्ती माणसाचं एकच चित्र काढून ठेवलं होतं आणि मी त्या चित्रामागे जाऊन लपले. जब्या डुक्कर पकडताना वर्गमैत्रिणीला दिसू नये म्हणून आडोशाला दडतो. मी तो प्रसंग पाहिला तेव्हा माझे कान गरम झाले. त्याचा आडोसा भिंतीचा होता, माझा गोव्याचा. वाईट प्रतिनिधित्वानं आपली टिंगल होते हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानं आपल्याला लपायला जागाही मिळते, हे मला माझ्यावरून कळलं.

कागदाचंही इथे फ्रान्ससारखंच झालंय, फक्त उलट्या बाजूनं. आपलं सरकार जात विचारतं आणि लिहितं. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजूनही बाहेर आहेत. म्हणजे कागदाप्रमाणे आजोबांची जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली. मात्र स्थळ बघायला आलेले आमच्यातलेच लोक चहा संपवून हळूच विचारतात, "आधीचे कोण?" आपल्याच चर्चमधली माणसं हा प्रश्न विचारतात, हे इथे लिहिलं नाही तर मी 'धडक'सारखंच केलं असं होईल.

आणि आपलं कल्याण

गंमत अशी, की जातीबाहेरच्या लग्नाची एक फार जुनी गोष्ट आपल्याच गावची आहे. सस्तापूर बंगल्याच्या क्रॉसवरून सोलापूर-हैदराबाद रस्ता जातो. करमाळा त्या रस्त्याच्या एका टोकाकडे आणि आर्ची-परश्या पळून गेले ते हैदराबाद दुसऱ्या टोकाला. त्यांच्या दोन जगांच्या मधोमध आपण राहतो.

बाराव्या शतकात इथे बिज्जळाचं राज्य होतं आणि बसवण्णा त्याच्या दरबारी मोठ्या पदावर होते. परंपरा सांगते, की शरणांपैकी हरळय्या चांभार होते आणि मधुवरस जन्मानं ब्राह्मण. हरळय्यांचा मुलगा आणि मधुवरसांची मुलगी यांचं लग्न झालं. राजानं दोन्ही बापांना भयानक शिक्षा दिली, कल्याण पेटलं आणि शरण पांगले. 'सैराट'च्या शेवटी ते लहान मूल रक्तात पाय बुडवून चालत जातं, तेव्हा मला ही गोष्ट आठवते. साडेआठशे वर्षांत मारणारे राजवाड्यातून निघून घरात आले, एवढाच बदल.

आज गावात बसवण्णांचा 108 फुटी पुतळा आहे. तो लांबूनही दिसतो. हरळय्यांच्या नावाची गवीही इथेच आहे. मी शाळेत असताना तिच्यावरून कितीतरी वेळा गेले असेन. हरळय्या जोडे शिवायचे आणि माझे आजोबाही जोडे शिवायचे, ही दोन वाक्यं शेजारी ठेवायचं मला एकवीस वर्षं सुचलं नाही. कुणी दाखवलंच नव्हतं. हॉस्टेलवर त्या मुलीनं विचारलं तेव्हा मला गोवा आठवला, पण स्वतःच्या गावातला हरळय्या आठवला नाही.

चित्र बदलायला वेळ लागतो, पण ते बदलतं. जानेवारी 2020 मध्ये आपल्या शेजारी उस्मानाबादला 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एक कॅथलिक धर्मगुरू मराठी साहित्याचा अध्यक्ष कसा, म्हणून आधी विरोध झाला, आणि तरी ते अध्यक्ष झाले. आमच्या घरी ते टीव्हीवर दिसले तेव्हा आजी म्हणाली, "आपल्यातला माणूस बग, किती नीट मराठी बोलूलालाय." 'ख्रिश्चन असून इतकं चांगलं मराठी?' हा प्रश्न आजीच्या मनात आलाच नाही. तिच्यासाठी त्यात नवल काहीच नव्हतं.

तर, पहिल्या वर्षाच्या माझ्या मैत्रिणी, तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं: 'ला एन'मध्ये आपण नाही. 'फँड्री'त थोडे आहोत, 'सैराट'मध्ये रस्त्यापुरते आहोत. बाकीची जागा रिकामी आहे. पुढच्या सत्रात मंडळाची लघुपट कार्यशाळा घ्यायचं चाललंय, मोबाइलवर पाच मिनिटांचे लघुपट करायचे. मी माळ्यावरचा तो पत्र्याचा डबा खाली काढणार आहे. आजीला रापी हातात धरायला सांगायची, तिला जे बोलायचं ते तिच्या बोलीत बोलू द्यायचं आणि सुरुवातीलाच आजोबांचं पूर्ण नाव द्यायचं. कॅमेरा धरायला कुणीतरी हवंय. येशील का?